मला चकाकी कुणी मागितली होती?

मी एक जुनी लाकडी फळी आहे, खाणावळीतली, भाजी चिरायची. मित्रांनो, सुरीच्या घावांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. सुरी माझ्यावर चालणारच, त्यासाठीच तर माझा जन्म. पण एके दिवशी माझ्या अंगाला जे फासले गेले, त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आज तो राग तुमच्यापुढे ओकणार आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, ही तशी गोष्ट नाही.

एका शाळेच्या मैदानाकडेला अक्रोडाचे झाड होते. वादळात ते आडवे झाले आणि सुतारमामांनी त्याचे खोड उचलून आणले. सुतारमामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. ताई तेव्हा खाणावळ सुरू करणार होत्या आणि भावाने बहिणीसाठी मला घडवले. रंधा मारला, कडा गोल केल्या, हात फिरवला तर कुठे टोचू नये इतके घासले. मग तेलाची वेळ आली.

अक्रोडाच्या लाकडाला अक्रोडाचेच तेल लाव, शोभेल, असे ताई म्हणाल्या. मामांनी मान हलवली. अक्रोड सगळ्यांना सोसत नाही, कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाचा घसा सुजतो, आणि खाणावळीत कोण येऊन बसेल हे सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी घाण्यावरून जवसाचे कच्चे तेल आणले. दुकानातले उकळलेले तेल त्यांनी घेतले नाही. ते लवकर सुकावे म्हणून त्यात नाही नाही ती रसायने घालतात, ते दाराखिडक्यांना ठीक, असे ते म्हणत. तेलाचा पातळ हात द्यायचा, मी पिईन तेवढे पिऊ द्यायचे, उरलेले पुसून घ्यायचे, आणि थांबायचे. मग पुन्हा एक हात. तेलकट फडकी ते बोळा करून टाकत नसत, बाहेर दोरीवर पसरून ठेवत. त्या बोळ्याला आपसूक आग लागते म्हणे.

ताई रोज येऊन बघून जात आणि वैतागत. "हा फळीला तेल लावतोय की तिचं बाळंतपण करतोय?" असे त्या शेजारणीला म्हणाल्या. पण मी घरी आले तेव्हा माझ्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला, आणि ताईंनी लगेच कांदा चिरायला घेतला.

पुढची वर्षे कामाची. काकड्या, गाजरे, पाव, सफरचंदे, आणि कांदे तर विचारूच नका. ताई मला धुऊन उभी करून वाळवत. मी कोरडी दिसू लागले की जवसाच्या तेलाचा हात देत. एकदा ते संपले म्हणून त्यांनी स्वयंपाकाचेच तेल चोळले. ते काही सुकेना. मी चिकट झाले आणि आठवड्याभरात मला खवट वास मारू लागला. रोज जेवायला येणारे पोस्टमनकाका सफरचंदाची फोड तोंडाला लावून तशीच खाली ठेवून गेले. ताईंनी मला मिठाने आणि कढत पाण्याने घासघासून काढले. पुन्हा ती चूक झाली नाही. चूक कळली आणि सुधारली, तर लाकूड राग धरत नाही.

ताईंचे गुडघे गेले, तेव्हा लेक आणि जावई खाणावळ चालवू लागले. जावयाला सगळे जावईबापूच म्हणत. माणूस कामसू, गोडबोल्या. पण चकाकीचे वेड. भिंती चकचकीत, दिवे चकचकीत, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

लेक आपल्या तान्ह्या पोरीला लस टोचून घ्यायला गेली होती. जावईबापू दुकानातून डबा घेऊन आले आणि मला, माझ्या दोन धाकट्या बहिणींना, म्हणजे लहान फळ्यांना, लाकडी वाडग्यांना, पळ्यांना, सगळ्यांना त्यांनी त्यातले रोगण, म्हणजे व्हार्निश, फासले. थरावर थर. माझी छिद्रे न् छिद्रे बुजली. ओठ शिवून कुणी कोपऱ्यात बसवावे, तसे मला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी, रोगणाचा वास अजून मारत असताना, माझ्यावर टोमॅटो चिरले गेले.

लेकीने विचारले, "अहो, हे खाण्याच्या भांड्यांना चालतं का?"

"लाकडालाच तर लावलंय," जावईबापू म्हणाले. "खाण्याला कुठं लावलंय?"

मित्रांनो, या उत्तराने माझी रेघ न् रेघ पेटली. मी कुणाची खुर्ची आहे? दिवाणखान्यातले कपाट आहे? माझ्या अंगावरचा कण न् कण कुणाच्या तरी घासात जातो. आणि गिऱ्हाइके काय म्हणाली? "वा, नवी फळी घेतली वाटतं!" इतकी वर्षे राबले तेव्हा कुणी माझ्याकडे मान वळवून पाहिले नव्हते. विष ल्याले तेव्हा माझे कौतुक झाले.

सुरी काही रोगणाचे ऐकत नाही. घावाघावाला ते तडकले आणि खपल्या उडू लागल्या. कोशिंबिरीत चमकणारे तुकडे लोकांनी कांद्याचे पापुद्रे समजून गिळले. मी ओरडू शकत नव्हते.

लेकीची पोर तेव्हा नुकती बसू लागली होती, खाली दोनच दात. लेकीने माझ्यावर पेअर चिरून, कुस्करून तिला भरवले. पोर अचानक ओकारी काढू लागली, चेहरा लाल झाला. लेकीने तिला पालथी धरून पाठ थोपटली, तोंडात बोट घातले आणि टाळूला चिकटलेला तुकडा काढला. माशाच्या खवल्यासारखा, पारदर्शक. पोर रडली, मग शांत झाली. तिला काही झाले नाही. पण तो खवला लेकीने बोटावर धरून उजेडात नीट पाहिला.

मग तिने मला उचलले. दुपारची गर्दी होती. तिने मला भर खाणावळीत टेबलावर ठेवले, सुरीच्या पात्याने खरवडले, निघालेल्या खपल्या एका ताटलीत गोळा केल्या आणि नवऱ्यापुढे ठेवल्या.

"खा," ती म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. दुकानदाराला विचारले होते, तो म्हणाला नैसर्गिक आहे, तेलापासूनच बनवलेय, असे जावईबापू पुटपुटले.

"पोटात गेलं तर चालतं का, हे विचारलंत?"

ते त्यांनी विचारले नव्हते. लाकडाला हवे, एवढेच सांगितले होते. कसल्या लाकडाला, हे दुकानदारानेही विचारले नव्हते.

"तुम्हाला खाववत नाही, आणि ते माझ्या पोरीच्या तोंडातून निघालं," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पोस्टमनकाकांनी ताट सरकवले आणि ते उठून गेले. त्यांच्या मागून आणखी काही जण.

वाडगे आणि पळ्या टाकून द्याव्या लागल्या. आम्हा तिघी फळ्यांना लेक मामांकडे घेऊन गेली. मामांचे हात आता थरथरतात, म्हणून रंधा तिनेच चालवला. घावांच्या तळापर्यंत जा, चमकणारा ठिपकाही नको, असे मामा सांगत राहिले. माझे निम्मे अंग भुश्शात गेले. मग जवसाचे तेल. ते मात्र जावईबापूंना चोळायला लावले. किती दिवस लागतील, असे त्यांनी विचारले, तर मामा म्हणाले, "बोटाला लागेनासं होईपर्यंत. तुमच्या घाईला ते ओळखत नाही."

तोवर चिरायचे काही नाही, असे लेकीने ठरवले. खाणावळीत अख्खे उकडलेले बटाटे, अख्ख्या काकड्या, हाताने तोडलेला पाव. येणारा प्रत्येक जण कारण विचारी आणि जावईबापू दारात उभे राहून ते सांगत. पहिल्या दिवशी अडखळत, मान खाली घालून. पुढे पुढे सरळ डोळ्यांत पाहून, काही न लपवता. कुणी ऐकून आत आले, कुणी परत गेले. पोस्टमनकाका अजून आलेले नाहीत.

मी कामावर परतले आहे. पण आता मी पातळ झाले आहे. जड सुरा मला सोसत नाही. पाव आणि फळे, एवढेच माझ्या वाट्याला. जावईबापू आता मला स्वतः तेल लावतात, हळू, नीट. त्यांना पश्चात्ताप झाला आहे, हे मला कळते. तरी माझे गेलेले अंग त्याने भरून येत नाही, आणि मीही उदार झाल्याचे सोंग आणणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात फळी असेल, पळी असेल, बाळाचा लाकडी खुळखुळा असेल. त्याला काही लावण्याआधी डब्यावरच्या गोड शब्दावर भुलू नका. विचारा, तोंडात गेले तर चालेल का? पोटात गेले तर? उत्तर देताना समोरचा अडखळला तर डबा तिथेच ठेवा आणि घरी या. आम्ही मुकी आहोत, नाही म्हणू शकत नाही. पण लाकडाला जे पाजाल, ते लाकूड एक ना एक दिवस तुमच्याच ताटात ओकणार आहे.