दोन दारांचं न्हाणीघर

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी सगळं मधोमध चिरलं. ओटा नवा घातला, विजेचं मीटर वेगळं घेतलं, पुढच्या खोलीतून भिंत गेली. आतल्या खोल्यांमधलं जुनं दार तेवढं राहिलं, तर त्याला थोरल्या सुनेनं आपल्या बाजूनं कपाट लावून टाकलं. अडलं ते न्हाणीघरापाशी. नळाची जोडणी एकच, तिचे दोन तुकडे होईनात. मग त्याला दुसरं दार पाडलं. एक थोरलीकडे उघडणारं, एक धाकटीकडे. दोन्ही दारांना आतून कडी आणि बाहेरूनही. बाहेरची कडी हा थोरलीचा हट्ट. न्हाणीघरातून या घरातलं कुणी त्या घरात येता कामा नये, असं तिनं दिराकडून धाकटीला ठणकावलं होतं. दिराकडून, कारण जावा-जावांचं बोलणं बंद होतं. भांडणाचं कारण आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं, राग मात्र तोंडपाठ होता.

तशी थोरली बाई वाईट नव्हती. महिला मंडळात दर आठवड्याला प्रवचन करायची. सगळ्यांत एकच आत्मा आहे, वेगळेपण हा नुसता भास, हा तिचा आवडता विषय. आवाज छान घुमतो म्हणून तालीम न्हाणीघरात करायची.

त्या दुपारी बारीक आचेवर डाळ ठेवून ती तालमीला आत शिरली. नवरा कामावर, पुढच्या दाराला आतून कडी, आतल्या खोलीत सासरे झोपलेले. त्यांना आधाराशिवाय कूसही बदलता येत नसे. ‘तू आणि मी असं काही नाहीच’ हे शेवटचं वाक्य जोरात म्हणून तिनं कडी ओढली, आणि कडीची मूठ निखळून हातात आली. दांडा तसाच चौकटीत रुतलेला.

बोटांनी, कंगव्याच्या दांडीनं, तांब्याच्या काठानं उचकटून पाहिलं. नखं तुटली. फोन ओट्यावर. झरोका एवढासा, की मांजरसुद्धा विचार करूनच शिरलं असतं. मग करपल्याचा वास आला. पाठोपाठ सासऱ्यांचा खोकला.

दुसरं दार हाताच्या अंतरावर होतं. तिनं आतली कडी काढून ते ढकललं. पलीकडून बंद. तिच्याच हुकमानं. हाक मारली तर धाकटी येईल हे तिला माहीत होतं, आणि नेमकं तेच नको होतं. हाक मारायची म्हणजे हरायचं. बादली पालथी घालून ती बसली. चारी भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटू लागल्या. वास दाट होत गेला, आणि आता सासऱ्यांचा खोकला थांबेना. शेवटी तिनं दारावर मूठ आपटली.

“अगं, आहेस का?”

“आहे.” उत्तर इतक्या जवळून आलं की ती दचकली. “कडीवर हात ठेवून उभी आहे मघापासून. तुमचीच बंदी ना.”

कडी निघाली. थोरलीनं धापा टाकत डाळीचं, सासऱ्यांचं, पुढच्या दाराचं सांगितलं. अडकलेल्या दाराला दोघींनी हिसके दिले, ते ढिम्म. मग धाकटीला मधलं दार आठवलं. ते तिच्याकडे उघडायचं. उघडलं, तर समोर कपाटाची पाठ. थोरली तिला म्हणाली, तू बाजूला हो, माझं कपाट आहे, मी ढकलते.

धाकटी बाजूला झाली नाही.

“जाऊबाई, तुमचं प्रवचन मी दर आठवड्याला ऐकते त्या दाराआडून. त्यात लाट असते, समुद्र असतो. ही भिंत कधी आली नाही त्यात. मामंजी खोकले की मी इकडे उठून बसते, आणि पाणी द्यायला हात पोचत नाही. हा भास असेल, तर फार दणकट बांधलाय तुम्ही. आता खांदा लावा. माझ्या खांद्याशेजारी.”

दोघींनी एकदम जोर लावला, आणि कपाट सरकलं! आतल्या बरण्या खळाखळा फुटल्या. फटीतून आधी धाकटी शिरली, धुरातून वाट काढत तिनं गॅस बंद केला. थोरलीनं खिडक्या उघडून सासऱ्यांना उठवून बसवलं. धाकटीनं पाणी आणून त्यांच्या ओठांना लावलं. पाठीवर एकीचा हात, पेल्यावर दुसरीचा. खोकला ओसरल्यावर मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, “कोण गं? थोरली की धाकटी?”

थोरलीनं पेल्यावरच्या धाकटीच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, “दोघी.”

वाचकहो, आपण एकच आहोत हे पटवायला मोठमोठे दाखले कशाला हवेत? धूर कधी एकाच घरचा असतो का? म्हाताऱ्या माणसाचा खोकला भिंतीच्या एकाच बाजूला ऐकू येतो का? वेगळेपण खोटं असेलही, पण त्याला आपण घातलेल्या कड्या खऱ्या असतात. त्या दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी घालाव्यात, आणि आत सापडावं आपणच. कड्या ज्यानं घातल्या त्यानंच त्या काढायच्या असतात, आणि त्यासाठी आधी हाक मारायची असते.

संध्याकाळी थोरलीचा नवरा घरी आला. काचा बघितल्या, कपाट बघितलं, उघडं दार बघितलं. बायकोचा चेहरा बघून जपूनच विचारलं, की कपाट पुन्हा जागेवर लावू का.

“राहू दे,” ती म्हणाली. “मामंजींना पाणी इकडून लवकर मिळतं.”