वडीलधारे पाय

जोडवं बोटात इतकं रुतलं होतं, की दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. चांदी काळी पडलेली... यमुताईंनी त्याच्या खाली, बोटाच्या मुळाशी अंगठा टेकवला मात्र, आणि पाय सर्रकन लुगड्यात गेला.

"नाही जी, बाई," मैनाबाई म्हणाली. "तुमी मोठ्या. त्यात बामनाच्या. मले पाप लागन." मग खुर्चीवरच्या परीक्षकांकडे वळून, "डॉक्टरसाहेब, काहून या मोठ्या बाईले माझ्या पायाशी बसवून राहिले तुमी?"

वामनराव हसले. मुलाच्या वयाचे परीक्षक, स्वभावाने सज्जन. परीक्षा एवढीच होती — रोग्याचा तळपाय हातात घ्यायचा, कुठे दाबलं की दुखतं ते अंगठ्याने शोधायचं आणि त्यावरून शरीरातली तक्रार ओळखायची. सीताबर्डीच्या या निसर्गोपचार केंद्रात यमुताई वर्षभर हेच शिकल्या होत्या. भिंतीवरचं तळपायाचं चित्र त्यांना तोंडपाठ होतं : अंगठ्यात डोकं, खळग्यात पोट, टाचेत ओटीपोट. सरावाला पाय मात्र कोणी दिला नव्हता. घरी पुतणसून नीला म्हणायची, "इश्श, काकू, तुम्ही आमच्या पायांना हात लावायचा?" आणि उलट वाकून नमस्कार करायची. मग स्वतःचाच पाय मांडीवर घेऊन — पण स्वतःचं दुखणं शोधावं लागतं थोडंच...

"द्या हो पाय," वामनराव मैनाबाईला म्हणाले. तिने दिला. दिला म्हणजे पुढे ठेवला. विणकराघरची बाई, मागावर पावड्या दाबून घट्ट झालेला तळवा, आणि आता तर नुसता दगड. अंगठा फिरत राहिला. काही कळेना. अवघडलेला पाय काही बोलत नाही, सगळीकडून सारखाच नाही म्हणतो. आणि मान म्हणून आखडला असेल तर ठीक. पण विधवेचा हात जोडव्याला लागू नये म्हणून असेल तर? ...मी कशावरून ओळखू? मान काय नि विटाळ काय, पाय मागे घ्यायची तऱ्हा एकच.

पाय तर मी जन्मभर चेपले. सासूबाईंचे, मामंजींचे; ह्यांचे तर शेवटी गार पडत चालले तेव्हासुद्धा. तेव्हा कोणी मागे घेतले नाहीत. झोप येऊन हात ढिला पडला की सासूबाई अंधारातून म्हणायच्या, जेवली नाहीस का गं? त्यांच्या टाचेवरची भेग न भेग या अंगठ्याला ठाऊक होती, आणि त्या विद्येचा कागद कोणी मागितला नव्हता.

कागद आता हवा होता. राजधानी नागपुरातून उठली, पुतण्याचं, कृष्णकांतचं, ऑफिस मुंबईला चाललं. "तिथे एकच खोली आहे, काकू," एवढंच तो म्हणाला होता, खाली बघत. प्रमाणपत्र मिळालं तर केंद्राच्या बायकांच्या विभागात काम होतं, मागच्या बाजूला राहायला खोली होती. नाही मिळालं तर... त्यापुढे विचार जात नव्हता.

"पोट," यमुताई म्हणाल्या. अंदाजाने.

वामनरावांनी मान हलवली. मैनाबाईची तक्रार मानेची होती. "तुमचं ज्ञान चांगलं आहे," ते उठून उभे राहत म्हणाले, "पण रोगी मोकळा होत नाही तुमच्यापुढे. पुढच्या खेपेला तुमच्याहून वडील कोणी मिळालं तर बघू."

माझ्याहून वडील. महाल भागातल्या घरापर्यंत पायी येताना त्या तेच आठवत राहिल्या — कोण उरलंय? एकेक चेहरा पुढे यायचा, आणि त्याच्यामागून त्याचं तेराव्याचं जेवण. ज्यांचे पाय मला चालले असते ते सगळे पाय जाळून झाले होते.

दारातच नीला उभी होती. तोंडाकडे न बघताच, "झालात ना पास? मला ठाऊकच होतं!" म्हणत वाकली. तिची बोटं टेकणार, तोच यमुताईंचे पाय आपोआप मागे गेले. बोटं आखडली, तळवा दगड झाला. नीला वाकलेलीच राहिली, हात तसेच पुढे.

"काय झालं, काकू?"

यात मान नव्हता, विटाळही नव्हता. नुसतं नको होतं. मैनाबाईलाही एवढंच तर झालं नसेल? ...आशीर्वादाचे शब्द ओठांवर यायला हवे होते. नीला वाट पाहत होती. यमुताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पाय लुगड्याखाली ओढून घेतलेले, आणि ते पुढे कसे करायचे हे त्यांना आठवेना.