फाटकाच्या दांड्याची मालिश

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की मला माझंच टोक दिसत नव्हतं. रुळांच्या कडेचं गवत थंडीने पांढरं पडलं होतं. मी रेल्वे फाटकाचा दांडा बोलतोय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, एका जागी उभा राहून जन्म काढलेला. बोलायला सावकाश आहे, खाली यायलाही सावकाश. सांभाळून घ्या.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. ट्रकवर आडवा घालून मला इथे आणलं आणि या रस्त्यावर उभं केलं. तेव्हापासून मला सांभाळलं ते फाटकवाल्या म्हाताऱ्याने. तेव्हा तो म्हातारा नव्हता म्हणा, मिशी चांगली काळीभोर होती. आधी तो चाक फिरवून मला खाली घ्यायचा. पुढे त्याचे खांदे दुखायला लागले आणि मला मोटर बसली. मग नुसतं बटण दाबायचं काम.

पण त्याची एक सवय सुटली नाही. थंडीच्या दिवसांत पहिल्या गाडीच्या बरंच आधी तो यायचा, माझ्या सांध्यात ग्रीस भरायचा आणि मला उगीचच खाली-वर, खाली-वर करायचा. थंडीत ग्रीस घट्ट होतं, अंग आखडतं. थोड्या फेऱ्या झाल्या की मोकळं वाटायचं.

समोरचा पंक्चरवाला दुकान उघडता उघडता ओरडायचा, "काय दादा, झाली का लेकाची मालिश?"

"झाली! ये, तुझीही करतो."

"नको बाबा, तुझे हात ग्रीसचे!"

रोजचंच होतं ते. एवढ्यात पंक्चरवाल्याची बायको सायकल काढायची. तिची कामावर सकाळची पाळी. मी वर दिसलो की ती मान वळवून रुळांकडे बघायचीसुद्धा नाही. "निघते हो दादा," म्हणायची आणि माझ्याखालून सुटायची. एवढा भरवसा माणसं माणसांवरही ठेवत नाहीत.

मग म्हाताऱ्याची निवृत्ती जवळ आली. वरून ठरलं, की आता फाटकावर माणूस नको. गाडी लांब असतानाच तिचं चाक रुळावरच्या एका यंत्रावरून जाईल, तारेतून खबर येईल आणि माझ्या शेजारच्या पेटीतला संगणक मला खाली आणेल. म्हाताऱ्याला स्वतःची काळजी नव्हती, त्याला माझी धास्ती. "जुना म्हणून भंगारात घालतील रे याला," असं पंक्चरवाल्यापाशी बसून म्हणायचा.

तपासायला एक बाई आल्या. म्हाताऱ्याच्या लेकीच्या वयाच्या. मला खाली-वर करून, घड्याळ लावून मोजून गेल्या. म्हाताऱ्याने विचारलं, "एवढ्या वेळा नीट आला की खाली. अजून काय बघायचं?"

"काका, शंभरदा नीट आला म्हणून पुढच्या वेळी येईलच असं मी धरत नाही. गाडी पोचण्याआधी हा पूर्ण खाली असलाच पाहिजे. कधीही, कसंही झालं तरी."

मग त्यांनी आपल्या संगणकात एक फाटक मांडलं. त्यात मी, गाडी, तार, पेटी, सगळे. गाडी जोरात आली तर? खबर रेंगाळली तर? एकामागे एक दोन गाड्या आल्या तर? घडू शकेल ते सगळं संगणक उलटून-पालटून बघतो आणि त्यात मला उशीर होणारी एक तरी वेळ सापडते का, ते शोधतो. नाही सापडली. दांडा पास! म्हाताऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजला.

आणि मग ती धुक्याची सकाळ. बाई शेवटचं बघायला म्हणून न कळवता लवकर आल्या. बघतात तर म्हातारा मला खाली-वर करतोय.

"काका, गाडी तर नाही आत्ता. हे काय चाललंय?"

"मालिश. थंडीत आखडतो ना तो."

बाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. "मी मोजायला आले होते, तेव्हाही केली होती?"

"म्हणजे काय! पाहुणे येणार म्हटल्यावर याला तसाच उभा करू?"

बाई माझ्या सांध्याकडे बघत राहिल्या. "काका, मी संगणकाला मालिश झालेला दांडा सांगितला. तो बिचारा सांगितलं तेवढंच खरं धरतो."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "पास झालाय ना पण? राहू द्या की. कुणाला कळतंय?"

"तुम्ही गेल्यावर याची मालिश कोण करणार?"

तेवढ्यात धुक्यातून सायकलची घंटी वाजली. "निघते हो दादा," म्हणत पंक्चरवाल्याची बायको माझ्याखालून गेली, मान न वळवता. ती दिसेनाशी होईपर्यंत म्हातारा बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या मी याला हात लावत नाही. थंड असतानाच मोजा."

दुसऱ्या दिवशी तो हात खिशात घालून उभा राहिला. मी कुरकुरत, अडखळत खाली आलो. फार लाज वाटली. बाईंनी ते मोजून संगणकाला सांगितलं आणि त्याने लगेच उशिराची वेळ दाखवली: थंडीची सकाळ, गाडी जोरात, आणि गाडी दारात आली तरी दांडा अर्ध्यावर लोंबतोय.

म्हातारा मटकन बाकावर बसला. "म्हणजे भंगारच."

"भंगार कशाला? याचं वय धरलं नव्हतं, ती चूक माझी. याला गाडीची खबर आणखी लवकर देऊ. म्हणजे सावकाश येऊ दे की!"

रुळावरचं यंत्र बरंच लांब नेलं. ते होईपर्यंत म्हाताऱ्याने निवृत्ती पुढे ढकलली आणि हट्टाने फाटकावर बसला. बाईंनी थंड, आखडलेला दांडा धरून सगळं पुन्हा तपासलं. आता उशिराची वेळ सापडत नाही. शिवाय पेटीला एक जास्तीचं काम लावून दिलं. थंडी पडली की पहिल्या गाडीच्या आधी तिने मला रोज खाली-वर करायचं. "याची गरज नाही खरं तर," बाई म्हणाल्या, "पण असू दे."

म्हाताऱ्याची केबिन आता बंद असते. बाकावर पानं पडतात. मी अजून उभा आहे. तुम्ही या रस्त्याने आलात आणि मी खाली दिसलो तर वाकून जाऊ नका एवढंच. मी सावकाश आहे, पण उगीच खाली येत नाही.

आज पुन्हा धुकं आहे. गाडी नसताना मी खाली गेलो, वर आलो. पंक्चरवाला शेकोटीपाशी मोबाइल धरून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "झाली का रे मालिश? म्हाताऱ्याचा फोन आहे, तेच विचारतोय. झाली म्हणून सांगतो त्याला, म्हणजे तो परत पांघरूण ओढून झोपेल."