दुःशलेचा दिवस

महाभारतातल्या दुःशला राणीला कोणी फारसं ओळखत नाही. शंभर कौरवांची ती एकुलती बहीण, सिंधू देशाच्या जयद्रथाची बायको. नवरा अर्जुनाच्या बाणानं गेला. पुढं अश्वमेधाचा घोडा घेऊन अर्जुन तिच्या राज्यात आला, तेव्हा त्याचं नुसतं नाव ऐकून तिचा मुलगा धसक्यानं मेला. मग ही तान्ह्या नातवाला घेऊन थेट रणात आली. तिला पाहून अर्जुनानं धनुष्य खाली ठेवलं.

मार्गासनीत, माझ्या माहेरच्या आळीत, श्रावणातल्या पोथीत हा अध्याय यायचा त्या दिवसाला बायका दुःशलेचा दिवस म्हणत. ज्या घरात भावाभावांचं वाकडं, तिथली लेक सासरहून तान्हं मूल घेऊन पोथीसमोर पाटावर बसायची. अध्याय संपला की मूल एका भावाच्या मांडीवर, मग दुसऱ्याच्या. भांडण तिथंच मिटायचं. माझ्या लहानपणी फुलाबाई आत्या बसली होती. वडिलांनी आणि चुलत्यांनी कमरेचे कोयते काढून चौरंगाखाली सरकवले होते. आत्याच्या पोरानं वडिलांचं धोतर ओलं केलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं चुलतेच हसले.

यंदा मी निघाले. आनंदा आणि हणमंता, माझे दोन्ही भाऊ धाकटे. आनंदानं वरचं खाचर पुण्याच्या माणसाला विकलं, त्यानं तारेचं कुंपण घातलं आणि हणमंताची शेताकडं जायची वाट बंद झाली. तेव्हापासून बोलणं तुटलं. गेल्या महिन्यात कुंपणापाशी काठ्या निघाल्या, हणमंताचं डोकं फुटलं. पुढच्या खेपेला काठ्यांवर भागणार नाही, हे मला दिसत होतं. नात सोनियाला बरोबर घेतलं, तिचं बाळ मांडीवर. किकवीहून निघून नसरापूरला गाडी बदलली.

गावात उतरले तर दोन भोंगे. आनंदाची पोथी देवळात, हणमंताची स्वतःच्या अंगणात पत्र्याखाली. दोन्हीकडं तोच अध्याय.

आनंदा देवळाच्या पायरीवरच होता.

"आलीस आक्का! चल, पाट मांडलाय. लुगडं आणलंय तुला."

"हणमंता येणार असंल तर बसते."

"त्याचं नाव काडू नगंस. तू बस. समद्या आळीला दिसू दे, बहीण कुणाकडं हाय ते."

मी हणमंताकडं गेले. डोक्याला पट्टी होती. बाळापुढं चुटकी वाजवत म्हणाला, "त्येचं लुगडं घेतलंस व्हय?"

"न्हाई."

"मंग म्या बी आणलंय. त्येच्यापरीस भारीतलं."

"लुगड्यांना काय करू, हणमंता? एकदा त्याच्यासमोर येऊन बस. का मी मेल्यावर दोन तेरावे घालणार हायसा?"

"घालू की. माज्याकडं जेवान चांगलं आसंल."

सोनिया फिसकन हसली. मला हसू आलं नाही.

देऊळ आणि अंगण यांच्या मधे एसटीचा थांबा आहे. तिथं बाळाला घेऊन बसले. म्हटलं, ज्याला यायचं तो येईल. दोघांनाही मी दिसत होते. देवळातल्या भोंग्यावर अर्जुनानं धनुष्य ठेवलं, तेव्हा अंगणातली दुःशला अजून रथातच होती. थोड्या वेळानं दोन्ही आवाज असे मिसळले की एक शब्द कळेना. देवळातल्या पाटावर आनंदानं शेजारच्यांची लेक बसवली. लुगडं वाया जायला नको.

लहानपणी मला वाटायचं, तान्ह्या नातवाला बघून अर्जुन विरघळला. पण दुःशला तिथं पोचली तेव्हा तिचा नवरा गेला होता, शंभर भाऊ गेले होते, मुलगाही गेला होता. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, की मीच ऐकलं नाही, कोण जाणे.

भोंगे थांबले. कोणीच आलं नाही. वेल्ह्याहून गाडी आली, आम्ही चढलो. वळणावर हणमंता दिसला. शेताकडं चालला होता, कमरेला कोयता. मी खिडकीतून हाक मारली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही.

"गवताला निघालं असतील, आजी," सोनिया म्हणाली.

गवत कुंपणापलीकडं आहे.