किटलीचा गैरसमज

मी किटली बोलतेय. स्टीलची, आणि झाकण हरवू नये म्हणून ते सुतळीनं कानाला बांधून घेतलेली. गेल्या शनिवारी मला जे कळलं त्यातून मी अजून सावरलेली नाही. तेव्हा सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही बारा बहिणी एकाच कारखान्यात घडलो आणि एकाच खोक्यातून या कॅन्टोनीज, म्हणजे दक्षिण चिनी जेवणाच्या खाणावळीत आलो. खाणावळ घरचीच आहे. टेबलं नऊ, दर्शनी काचेमागे आकड्यांना टांगलेली भाजलेली बदकं, आणि एक पंखा जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. भटारखान्यात कढईपुढे बाबा. गल्ल्यावर त्यांची बायको, म्हणजे आई. आणि टेबलांमधून सतत पळणारी त्यांची मुलगी, ताई. ताईची गंमत अशी की ती चारजणांची ऑर्डर कागदावर न लिहिता घेते आणि स्वतःचा चष्मा मात्र दिवसभर शोधत असते.

इथे माणूस बसला की आधी किटली येते आणि मग जेवण. चहा संपला की हाक मारायची नाही. झाकण तिरकं करून ठेवायचं, ताई ते बघते, किटली उचलते, भटारखान्यातल्या विजेच्या बंबाच्या तोटीखाली धरते आणि परत आणून ठेवते. एका टेबलाला एकदा भरलेली किटली पुरायची. पुष्कळ वर्षं असंच चाललं.

मग दोन वर्षांपूर्वी आमची मागणी एकदम वाढली. जिकडेतिकडे झाकणं तिरकी. एकेका टेबलाला आम्ही तीन-तीनदा, चार-चारदा भरल्या जाऊ लागलो. आईला तर अस्मान ठेंगणं झालं. "बघ, आपल्या चहाला तोड नाही," ती ताईला म्हणायची. तिनं चहाही वरच्या प्रतीचा मागवायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले. सोयासॉसच्या बाटलीकडे मी ढुंकूनही बघत नसे.

समोरच्या दुकानातले शिंपीकाका माझं ठरलेलं गिऱ्हाईक. रोज दुपारी एकला खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, आलं आणि कांद्याची पात घातलेला वाफवलेला मासा आणि भात मागवायचा. पूर्वी ते अर्धी किटली प्यायचे. आता तीन.

"काका, व्यसन लागलं की काय चहाचं?" ताईनं एकदा विचारलं.

"तुझ्या आईच्या हाताला चव आहे गं," काका म्हणाले आणि त्यांनी झाकण पुन्हा तिरकं केलं. मी आपली खूश.

तुम्ही म्हणाल, घरच्यांना कसं काही कळलं नाही? अहो, घरचे बाबांच्या कढईतलं खातातच कुठे! दुपारी चारला आई मागच्या खोलीत साधा भात, उकडलेली भाजी आणि सूप करते, तेच तिघं जेवतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता शनिवारचं सांगते. दुपारची वेळ, खाणावळ गच्च भरलेली. ताई मला भरायला भटारखान्यात घेऊन गेली आणि दारातच थबकली. एका शेगडीवरचं सूप उतू जाऊन जाळ विझला होता, गॅस मात्र सुरूच. दुसरी शेगडी बंद होती हे नशीब. बाबा पाठमोरे बदक तोडत होते. ते वळले, जाळ विझलेला त्यांना दिसला, आणि पेटवायला त्यांनी शांतपणे लायटर उचलला.

ताईनं मला सोडूनच दिलं. मी फरशीवर आदळले, पोटाला पोचा आला. तिनं एका हातानं लायटर उडवला, दुसऱ्यानं गॅस बंद केला आणि मागचं दार उघडून बाबांना अंगणात ओढलं.

"बाबा, वास नाही आला तुम्हाला? सगळी खोली भरलीये."

"सर्दी झालीये जरा," बाबा म्हणाले.

आवाजानं आई धावत आली होती. तिच्यामागे शिंपीकाका, हातात अजून जेवायच्या काड्या तशाच. ते हळूच म्हणाले, "दादा, दोन वर्षं झाली या सर्दीला."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

काकांनी एकदा बाबांकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, जेवण खारट असतं. रोजच. आताशा तर फारच."

"आणि तुम्ही रोज येता ते?"

"जाणार कुठे? तीस वर्षं दादांच्या हातचं खाल्लंय. खाल्ल्या मिठाला जागतोय म्हणा. बोललो असतो तर त्यांना लागलं असतं. म्हणून चहा प्यायचा आणि घास खाली ढकलायचा. सगळे तेच करतात. आम्हाला वाटलं, घरात माहीत असेल."

मागे उभी असलेली गिऱ्हाइकं खाली बघू लागली. सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी.

मी फरशीवर आडवी पडून हे ऐकत होते. दोन वर्षं मी ज्याला माझं कौतुक समजत होते, ते या माणसाचं दुखणं होतं. ज्या तोऱ्यात मी मिरवले, त्याची मला शिसारी आली.

"तापातून उठलो तेव्हापासून," बाबा अखेर बोलले. "आधी वास गेला, मग चव. वाटलं येईल परत."

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू कढई सोडायला लावली असतीस. मग मी काय करायचं? मीठ हाताच्या सवयीनं घालायचो. पण चाखून काही कळेना. घातलं की नाही अशी शंका यायची, म्हणून परत घालायचो."

ताई रडत होती. "उद्यापासून तुम्ही कढईपुढे उभं राहायचं नाही," ती म्हणाली. बाबांनी ॲप्रनची गाठ सोडली.

"थांबा," आई म्हणाली. "तो बांधा परत. ताई, तू शेगडीपाशी उभी राहा. अहो, एक मासा करा."

खोलीतला गॅस निघून गेल्यावर ती बाहेर येऊन शिंपीकाकांच्या टेबलाशी बसली. गिऱ्हाईक म्हणून ती आपल्या खाणावळीत कधीच बसली नव्हती. कुणीतरी सवयीनं मला भरून तिच्यापुढे ठेवलं. मासा आला, बाबा दारात उभे राहिले. तिनं पहिला घास घेतला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिचा हात माझ्या कानावर पडला. बाबा त्या हाताकडे बघत होते. सगळी खाणावळ बघत होती.

तिनं हात काढून घेतला आणि घास तसाच गिळला.

"खारट आहे," ती म्हणाली. "फार खारट. आलं बरोबर आहे, मासा अगदी हवा तेवढाच शिजलाय. मीठ निम्म्यानं कमी करा आणि परत आणा."

"निम्म्यानं?" बाबांनी विचारलं. दोन वर्षांत कुणी त्यांना आकडा सांगितला नव्हता.

"निम्म्यानं."

त्या दुपारी मासा चारदा आला. चौथा तिनं संपवला.

आता आई भटारखान्यात बाबांच्या शेजारी चमचा घेऊन उभी असते, गल्ला ताई बघते, आणि गॅसचा वास आला की ओरडणारं एक यंत्र भिंतीवर बसवलंय. एका टेबलाला पुन्हा एकच किटली पुरते. त्यामुळे जास्तीच्या आम्हा तिघींना वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचं ठरलंय. पोचा आलेली म्हणून पहिला नंबर माझाच. वाईट वाटतंच, पण तक्रार करायला मला तोंड नाही.

जाता जाता एक विनवणी करते. ज्याच्या हातचं मनापासून खाता, त्याचं मीठ चुकलं तर पाणी पिऊन वेळ मारून नेऊ नका. त्याला सांगा. थोडं लागेल त्याला, लागू दे. शिंपीकाका काही वाईट माणूस नाहीत, इथलं कुणीच नाही. इतकी माया करणारी माणसं रोज बाहेर बसलेली होती, आणि आत तो माणूस दोन वर्षं चमचा तोंडात धरून एकटा उभा होता.