मळका चाकू आणि एकवीस जातींचं झाड

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा, मग ऐका. मी कलमं बांधायचा एक जुना चाकू आहे. गेली दोन वर्षं माझ्या पात्यावर आंब्याचा वाळलेला चीक, पुठ्ठ्याचा भुसा, चिकटपट्टीचा गोंद आणि एका गृहस्थाच्या पायाच्या नखांची घाण असे थरावर थर बसले होते. आता ते नाहीत. कसे गेले ते सांगणारच आहे, पण आधी ते आले कसे हे तुम्हाला ऐकावं लागेल. गोड गोष्ट हवी असेल त्याने उठून जावं.

एका लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यातून मला घडवलं आणि पेरूच्या लाकडाची मूठ बसवली. धार दिली ती एकाच बाजूने, कारण कलमाचा काप सपाट लागतो. मला विकत घेतलं एका जुळाऱ्याने. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्याचं काम. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचल्यामुळे त्याला सरळ माणूस ओळखायला वेळ लागतो, असं त्याची बायको म्हणायची. ती दवाखान्यात परिचारिका होती. मी घरात आलो त्याच दिवशी तिने स्पिरिटची बाटली आणि कापूस नवऱ्यापुढे आपटला.

"सुई पुसल्याशिवाय मी माणसाला टोचत नाही. तुम्ही झाडाला तरी का टोचावं?"

तेव्हापासून प्रत्येक कापाआधी एकदा आणि कापानंतर एकदा मला आंघोळ. मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं. पण चाकूने पायांवर डोकं ठेवणं बरं दिसत नाही.

घरामागच्या परसात एकच आंब्याचं झाड होतं. आपोआप उगवलेलं, आंबट फळाचं. जुळाऱ्याने त्याच्या एकेका फांदीवर एकेक जात बांधली. पद्धत अशी की दुसऱ्याच्या चांगल्या झाडाची करंगळीएवढी काडी निवडायची. आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटून ठेवायची, म्हणजे टोकाचे डोळे फुगतात. मग काडी कापून आणायची, आपल्या फांदीला तिरपा काप द्यायचा, काडीला तसाच काप द्यायचा, सालीला साल भिडवायची आणि पट्टीने गच्च बांधायचं. बास. बाकी झाड करतं. वीस वर्षांत त्या झाडावर सात जाती नांदायला लागल्या. बोराएवढी बिटकी सगळ्यांत आधी पिकायची, मग शेंदऱ्या, मग शेपूसारखा वास मारणारा तो एक, ज्याला घरात कुणी आवडतो म्हणायचं नाही आणि जो टोपलीत कधी उरायचा नाही. सातही वेगवेगळ्या वेळी पिकायचे, म्हणून घरात दोन महिने आंबा असायचा. झाडाखाली पोरं जमायची आणि कोण कोय लांब उडवतो याची पैज लावायची. मला मात्र फळाला लावायचं नाही असा नियम होता. फळाला सुरी, झाडाला मी.

सगळ्यांत शेवटी पिकायचा खोबरी. दिसायला अगदी गबाळा. साल मातकट, वर काळे ठिपके. पण कापला की आत ओल्या खोबऱ्यासारखा पांढुरका, करकरीत, रेषेचं नाव नाही. त्याचं मूळ झाड दवाखान्याच्या आवारात होतं. गाड्या लावायला जागा हवी म्हणून ते पाडायचं ठरलं, तेव्हा परिचारिकाबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याची काडी जेवणाच्या डब्यातून घरी आणली. पुढे ते झाड गेलं. काही वर्षांनी बाईही गेल्या. घरात त्यांची मुलगी होती, ती दरवर्षी पहिला खोबरी चिरायची, एक फोड तोंडात टाकायची आणि दुसरी आईच्या फोटोपुढे ठेवायची.

जुळाऱ्याचा एक शिरस्ता होता. काडी द्या, काडी घ्या. दारात कुणीही आलं तरी चालेल, फक्त रिकाम्या हाती यायचं नाही. एकदा गल्लीच्या तोंडावरची इस्त्रीवाली आली.

"काका, त्या गबाळ्या आंब्याची एक काडी द्या ना. कपड्यांच्या टपरीमागे कोय रुजलीय, तिच्यावर बांधते."

"आणि बदल्यात?"

"माझ्याकडे झाड कुठलं? इस्त्रीची राख आहे. हवी तेवढी न्या."

"राख चालेल. राखेला फळं येत नाहीत, पण फळांना राख लागते."

तिला बांधायचं कसं हेही त्याने शिकवलं. माझी मूठ तिच्या हातात दिली, हे मला आठवतं. त्यानंतर दर आठवड्याला ती घमेलंभर राख आळ्यात टाकून जायची.

मग जुळारी गेला आणि घराचा कारभार जावयाकडे आला.

जावई फरशा विकायचा. त्याच्या दुकानात भिंतीवर शंभर नमुने चिकटवलेले असतात, खाली नंबर घातलेला. त्याला झाडही तसंच हवं होतं. परसबाग मंडळ दरवर्षी बक्षीस देतं आणि एका झाडावर पंधरा जातींच्या पुढे कुणी गेलेलं नाही, हे त्याला कळलं. झालं. "आपण एकवीस करू," तो म्हणाला. आंबा खायचा म्हणाल तर तो स्वतः एक फोड खायचा आणि बोटं पँटला पुसायचा.

इस्त्रीवाली घमेलं घेऊन आली तेव्हा त्याने तिला फाटकातच अडवलं. "काय गं, रोज रोज काय आत-बाहेर? उद्या काड्या नेशील आणि बाजारात विकशील. ही परसबाग आहे, धर्मशाळा नाही." तिने राख फाटकाबाहेर ओतली नाही. घमेलं तसंच डोक्यावर घेऊन परत गेली. संध्याकाळी फाटकाला पितळी कुलूप लागलं. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. हातातली पळी ती कढईत फिरवत राहिली, जणू कढईतल्या फोडणीपेक्षा महत्त्वाचं जगात काहीच चाललेलं नाही.

आता माझ्याबद्दल. जावयाने मोबाइलवर दोन चित्रफिती पाहिल्या आणि स्वतःला कलमकार मानलं. स्पिरिटच्या बाटलीतलं स्पिरिट त्याने फरशीवरचे डाग काढायला वापरून संपवलं. मला त्याने दुकानातली खोकी उघडायला नेलं. पट्ट्या कापल्या, दोऱ्या कापल्या, एकदा चपलेतलं शेण खरवडलं. आणि रविवारी सकाळी ओट्यावर पाय वर घेऊन बसायचा आणि माझ्या टोकाने अंगठ्याच्या नखाखालचं कोरायचा. कोरून झालं की ते टोक नाकाशी न्यायचा. मित्रांनो, मी लोखंड आहे, मला ओकता येत नाही. येत असतं तर तिथेच ओकलो असतो. मग त्याच टोकाने, तसाच, तो झाडाला काप द्यायचा.

तरी झाडाने सोसलं. तेराच्या तेरा नव्या काड्या जगल्या. एकविसावी राहिली होती. ती आणायला तो एका बागेत गेला आणि मला खिशात घेऊन गेला. तिथल्या झाडाच्या खोडातून तपकिरी डिंक गळत होता, शेंडे वाळले होते. ज्याला जरा कळतं तो तिथून पळाला असता. हा मात्र खुश.

"रस बघा केवढा! झाडाच्या पोटात मावत नाहीये, फुटून बाहेर येतोय!"

त्या रोगट डिंकात मला बुडवून त्याने काडी कापली. घरी आला आणि बांधायला फांदी निवडली ती खोबरीची.

"अहो, ती नको," मुलगी पहिल्यांदाच परसात आली. "ती आईची आहे."

"ह्या फांदीला बक्षीस देणार आहे का कुणी? रंग नाही, रूप नाही. तुझ्या आईच्या फांदीवर एक पाहुणा बसला तर काय बिघडलं?"

ती पुन्हा आत गेली. आणि मी कापलं. मित्रांनो, हे मी लपवणार नाही. हात त्याचा होता, पण विष माझ्या अंगावर होतं. खोबरीच्या हिरव्या सालीत मी ते आतवर नेऊन ठेवलं.

तीन महिन्यांत खोबरी शेंड्यापासून काळी पडत खाली आली. पानं गळली नाहीत, वाळून तशीच लोंबत राहिली. मग शेजारची फांदी, मग तिच्या शेजारची. जावई प्रत्येक वाळकी फांदी माझ्यानेच छाटायचा आणि माझ्यानेच हिरवीवर काप द्यायचा. फळांच्या दिवसांत मंडळाची माणसं बघायला येणार त्याच्या दोन दिवस आधी झाडावर चार फांद्या जिवंत होत्या आणि एकही आंबा नव्हता.

आता पुढचं ऐका आणि किळस आली तर दोष मला देऊ नका. जावयाने बाजारातून पाट्यांवर जे दिसेल ते आणलं. लाल, पिवळे, हिरवे, लांबट, गोल. नायलॉनच्या दोऱ्याने ते वाळक्या फांद्यांना बांधले. दोरा माझ्याने कापला. प्रत्येकाखाली फरशीच्या दुकानातल्यासारखी नंबराची चिठ्ठी लावली. आंबे दोन दिवस उन्हात लटकत होते. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परसात माशांचा असा घोंघाट सुरू झाला की पाहुण्यांना वाटलं असेल आत गिरणी चालू आहे.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई झाडाखाली आल्या. बरोबर एक म्हातारे रोपवाटिकावाले. जावई छडीने दाखवत होता, "हा अकरावा, हा बारावा." सोळाव्याचा देठ सुटला. आंबा थेट बाईंच्या चपलेवर पडला आणि फुटला. आत गर नव्हता. काळपट पाणी होतं आणि त्यात पांढऱ्या अळ्या टुणटुण उड्या मारत होत्या.

बाईंनी वाकून पाहिलं. "ही बाविसावी जात का हो?"

रोपवाटिकावाल्यांनी खोडावरचा डिंक बोटाने चाचपला, मग हात पुढे केला. "चाकू बघू." त्यांनी मला नाकाशी नेलं आणि झटकन लांब धरलं. "ह्याने नखं काढता?"

"कधीमधी," जावई म्हणाला.

"कधी पुसलात?"

"चाकू काय पुसायचा? कापला की आपोआप साफ होतो."

म्हातारबुवांनी मला जमिनीवर टाकलं. "झाड रोगाने नाही मेलं. झाड तुम्ही मारलंत. हिरव्या फांद्यांतही उतरलाय तो. बुंध्यापासून कापा, लाकूड जाळा."

पाहुणे गेले. जावयाने मला लाथ मारली, मी मोरीत जाऊन पडलो. रात्री जेवताना तो म्हणाला, झाड तोडू आणि परसात मस्त फरशी घालू, निदान कचरा तरी होणार नाही. गवंडी पंधरा दिवसांनी येईल. मोरीत, खरकट्या पाण्यात पडून मी हे ऐकलं. खोबरी गेला, हे तिला सांगायची गरज नव्हती.

सकाळी भांडी घासताना तिने मला उचललं. पदराआड धरलं आणि चालत गल्लीच्या तोंडाशी गेली. इस्त्रीवालीने मान वर केली नाही. शर्टाची कॉलर दाबत राहिली.

"मावशी, बाबांनी दिलेली खोबरीची काडी... ती जगली का?"

"त्या दिवशी तू खिडकीत उभी होतीस की."

"होते."

"पळी फार जोरात फिरवत होतीस."

कोळसे तडतडले. इस्त्रीवालीने कॉलर संपवली, बाह्या संपवल्या, मग इस्त्री उभी ठेवून टपरीमागे गेली. तिथे भिंत आणि गटार यांच्यामधल्या दोन हात पट्टीत, पत्र्याच्या वर डोकं काढून खोबरी उभा होता. मातकट, ठिपकेदार, गबाळा. मुलीने झाडाला हात लावला नाही. तोंडावर पदर घेतला.

"चाकू आणलायस?" मी पुढे झालो. "हा काकांचा? शी! मेल्या उंदराच्या बिळातून काढलास की काय?"

तिने राखेची मूठ घेतली, ओलं फडकं घेतलं आणि मला घासायला लागली. चीक निघाला, गोंद निघाला, नखांची घाण निघाली. दोन वर्षांनी मी उजेड पाहिला. मग तिने उकळत्या पाण्यात मला बराच वेळ धरलं. मुलीला वाटलं आता काडी मिळणार. इस्त्रीवालीने माझ्याने एका टोकाची पानं तेवढी छाटली आणि मला परत दिलं.

"दहा दिवसांनी ये. डोळे फुगू देत. आणि काकांचा शिरस्ता माहीत आहे ना? रिकाम्या हाती यायचं नाही."

काय नेणार ती? झाड मेलेलं, राख तर इस्त्रीवालीकडेच जास्त. दहाव्या दिवशी मुलीने किल्ली काढली आणि फाटकाचं पितळी कुलूप काढून हातात घेतलं. जावई ओट्यावरून ओरडला, "अगं, कुठे नेतेस ते?"

"द्यायला. आणि गवंड्याला सांगा, येऊ नको. परसात फरशी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

इस्त्रीवालीने कुलूप हातात तोललं. "जड आहे. शर्टांच्या चळतीवर ठेवायला बरं, वाऱ्याने उडतात." आणि काडी कापून दिली. कापाआधी मला पुसलं, कापानंतर पुसलं.

झाडाचा बुंधा जाळून झाला होता. पण परसाच्या त्या कोपऱ्यात, पैज जिंकणाऱ्या पोराची कोय जिथे जाऊन पडायची, तिथे एक रोप उगवलं होतं. मुलीने त्याच्यावर काप दिला. काप वाकडा झाला. तिने मला पुसलं आणि पुन्हा दिला. तीन आठवड्यांनी काडीच्या टोकाला दोन पानं आली. तांबूस, मऊ, नखाएवढी. फळ यायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर इस्त्रीवाली फाटकातून सरळ आत येते, घमेलं रिकामं करते आणि सांगून जाते की पाणी जास्त घालतेस.

मित्रांनो, झाडं लावा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला शाळेत रोज सांगतात आणि तुम्ही रोज विसरता. माझं मागणं छोटं आहे. हातात जे हत्यार असेल, चाकू असो, कात्री असो, सुई असो, ते दुसऱ्याच्या अंगाला लावण्याआधी पुसा. आणि पुसायला आळस येत असेल, तर निदान त्याने पायाची नखं काढू नका.