मोकळे कान

यल्लाप्पाने हात आडवा घातला तेव्हा मंगलच्या सायकलचं पुढचं चाक फाटकाच्या आत आणि मागचं बाहेर होतं.

"कानातलं काढा आक्का."

"हे गाण्याचं न्हवं, अण्णा. ऐकायचं मशीन हाय. तुमास्नी ठाऊक हाय की."

"मला ठाऊक हाय. पाटीला ठाऊक न्हाय."

त्याने फाटकाजवळच्या नव्या पाटीकडे बोट केलं. कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलं होतं: सायकलवर कानात काहीही घालू नये. कान मोकळे ठेवा. नियम मोडणाऱ्याची सायकल आत घेतली जाणार नाही.

नियम वाईट नव्हता. गेल्या महिन्यात कारखान्यातला एक शिकाऊ मुलगा कानात गाणी कोंबून तिसऱ्या रेल्वे गेटकडून येत होता. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला आणि हा आपल्याच तंद्रीत मध्ये वळला. पाय तीन ठिकाणी मोडला. सेफ्टी ऑफिसर विक्रम देसाई त्याच्यासोबत दवाखान्यात गेला, त्याच्या आईला तोंड देऊन आला आणि आल्या आल्या त्याने ही पाटी लिहायला दिली. मंगललाही ती पटली होती. फक्त 'काहीही' लिहिताना तिची आठवण कुणाला झाली नाही, आणि नियम करणाऱ्यांना अशा आठवणी सहसा होतही नाहीत.

यल्लाप्पा जरा वाकून हळू आवाजात म्हणाला, "काढून पर्समदी टाका. धा पावलं आत जावा, मग घाला परत. मी काय बघतोय व्हय?"

"आन उद्यापासनं?"

"उद्या बी तसंच. वाईच लपवायचं. त्यात काय हुतंय?"

"ते काढलं की मी बहिरी, अण्णा. बहिरी हुऊन सायकल चालवू? आन लपवू कशाला? चोरून आणलंय व्हय मी?"

मागे सायकलींची रांग लागली होती. कुणीतरी घंटी वाजवत ओरडलं, "ओ आक्का, वाट सोडा की!" मंगलने वाट सोडली. सायकल पाटीखाली स्टँडवर लावली, ओढणी कमरेला खोचली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी तिथेच उभी राहिली. भोंगा झाला. पहिली पाळी आत गेली. यल्लाप्पाने पत्र्याचं फाटक ओढून घेतलं आणि तिच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

तिला परवडणारं नव्हतं हे. दिवाळीनंतर तिला तपासणी विभागात कायम करणार होते, आणि सुपरवायझरने बजावलं होतं की तोवर एकदासुद्धा उशीर झालेला चालणार नाही. वडगावातून बसने यायचं तर आधी मध्यवर्ती बसस्थानक गाठायचं, मग तिथून उद्यमबागेची बस पकडायची, आणि ती बस पहिल्या पाळीला वेळेवर आली तर लोकांनी तिला हार घातला असता. सायकल गेली की पहिली पाळी गेली, आणि पाळी गेली की कायम होणंही गेलं. तरी ती हलली नाही.

थोड्या वेळाने विक्रम देसाई स्कूटरवरून आला. माणूस सरळ होता, पण त्या मुलाच्या आईचा चेहरा अजून त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

"मंगलताई, एकाला सूट दिली की उद्या दहा जण मागतील. बसने या ना काही दिवस."

"सर, तुमचा नियम कशासाठी हाय? मागनं आलेली गाडी ऐकू यावी म्हणून न्हवं? मग माझं ऐकणं तपासा. सायकलवर बसवून तपासा. न्हाय ऐकू आलं तर उद्यापासनं मी सायकल घरात ठेवती."

विक्रमने थोडा विचार केला. फाटकाच्या आत, कॉम्प्रेसरच्या खोलीसमोर मोकळं पटांगण होतं. तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही एक फेरी मारा. मी मागून स्कूटर आणतो. हॉर्न ऐकू आला की हात वर करायचा."

"माझ्या आधी मोकळ्या कानाचा एकजण बसवा. म्हंजे फरक कळंल."

"यल्लाप्पा आहे की. यल्लाप्पा! तुझी सायकल काढ!"

यल्लाप्पाने आधी विक्रमच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग आपल्या सायकलकडे. मग तो सायकल आणायला गेला.

मंगल पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, कॉम्प्रेसरच्या खोलीला टेकून उभी राहिली. भिंतीपलीकडे यंत्र धडधडत होतं. यल्लाप्पा सायकलवर टांग टाकणार तोच तिला दिसलं, की त्याने स्टँड काढलेलंच नाही.

"अण्णा, स्टँड! स्टँड वर घ्या आधी!"

त्याने मान डोलावली, वाकून स्टँड वर केलं. आणि मंगल जागच्या जागी थिजली, कारण तिच्या तोंडातून आवाज निघालाच नव्हता.

ही तिची जुनी खोड होती. वडगावात त्यांच्या घराला लागूनच यंत्रमागाची शेड होती. माग सुरू झाले की घशाचा काही उपयोग नसायचा, म्हणून सगळे आवाज न लावता नुसते ओठ मोठे करून बोलायचे. तिची आई रुक्माबाई चार मागांपलीकडून पोरांना जेवायला बोलवायची ती तशीच, आणि शिव्याही तशाच घालायची. त्या घरात मंगलचे कान गेले ते कुणाला कळलंच नाही. कळणार कसं? घरात ती सगळ्यांचं सगळं 'ऐकत' होती. नोकरीला लागताना तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की डावा कान पार गेलाय आणि उजवा मशीनवर चालेल. त्यावर रुक्माबाई हसली होती, आणि मग मागाच्या आड जाऊन रडली होती. अजूनही शेजारी यंत्र धडधडू लागलं की मंगलचा आवाज आपोआप बंद व्हायचा आणि ओठ तेवढे चालायचे.

वडगावच्या कुणालाही ते ओठ वाचता आले असते. पण यल्लाप्पा खानापूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. उभ्या आयुष्यात त्याने मागाला हात लावला नव्हता. पहारेकरी होण्याआधी तो याच कारखान्यात वर्षानुवर्षं लोखंड ठोकणाऱ्या यंत्राच्या घणाखाली, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काम करत होता. ओठ वाचायला माणूस उगाच शिकत नाही. तो बोलताना डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे का बघतो, फाटकाजवळ खुर्ची असून दिवसभर रस्त्याकडे तोंड करून उभा का राहतो, ते सगळं मंगलला एकदम कळलं.

यल्लाप्पा तिच्या दिशेने पायडल मारत येत होता. मागे विक्रमची स्कूटर निघाली. हॉर्न वाजला. तिच्यापर्यंत तो स्पष्ट पोचला. यल्लाप्पाचा हात हँडलवरच होता.

पुन्हा हॉर्न वाजला.

यल्लाप्पा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. घाबरलेला होता तो. मंगलला फक्त गप्प राहायचं होतं. मोकळ्या कानाच्या माणसाला हॉर्न ऐकू आला नाही, हे साहेबाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं आणि ती पाटी जागेवर आडवी झाली असती. पण पाटीसोबत यल्लाप्पाची नोकरीही गेली असती. बहिरा पहारेकरी कोण ठेवणार?

"हात," तिचे ओठ म्हणाले.

त्याने हात वर केला.

विक्रम स्कूटर थांबवून म्हणाला, "बघितलंत? जरा उशिरा, पण आलं ऐकू. कान मोकळे असले की येतंच."

मंगलला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने ते पुसलं नाही. सायकल घेतली आणि निघाली.

पहिल्या हॉर्नला तिने हात वर केला. दुसरा हॉर्न विक्रमने मुद्दाम लांबून वाजवला, तेव्हाही केला. तिसऱ्यांदा त्याने हॉर्न वाजवलाच नाही, नुसती स्कूटर जवळ आणली. बारीक खडीवर चाकं करकरली आणि मंगलचा हात वर गेला.

विक्रमने स्कूटर बंद केली. "मान्य. तुम्हाला ऐकू येतं. पण उद्या पोरं म्हणतील, त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?"

"मग पाटीवर लिवा सर. गाणी ऐकायचं चालणार न्हाय. ऐकू यायचं मशीन चालतंय. चालतंय न्हवं, पायजेच. ज्याला ते लागतंय तो न घालता सायकलवर आला, तर त्याला फाटकातच अडवा."

शेवटचं वाक्य तिने यल्लाप्पाकडे तोंड करून म्हटलं.

"न घालता आला तर अडवायचं," विक्रम स्वतःशीच पुटपुटला. "हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं. आजच पाटी बदलायला सांगतो. तुमच्या सुपरवायझरशीही बोलतो, उशीर माझ्या खात्यावर." तो ऑफिसकडे निघून गेला.

यल्लाप्पा सायकल धरून तसाच उभा होता.

"का सांगितला न्हायसा सायबाला?"

"अजून बी सांगू शकती. कधीपासनं हाय हे?"

"घणाखाली हुतो तवापासनं. हळूहळू गेलं. घरात बी म्हाईत न्हाय. बायको म्हणती, ह्यो ऐकून न ऐकल्यागत करतो."

"आजपासनं सायकलवर बसायचं न्हाय. चालत जावा, बसनं जावा, कायबी करा. मशीन बसंपर्यंत सायकल बंद. सोमवारी मी येती तुमच्यासंगं डॉक्टरकडं."

"आन न्हाय ऐकलं तर?"

"तर त्या पाटीखाली उभी ऱ्हाऊन सगळ्यास्नी सांगन."

सकाळपासून ती तिथे कशी उभी राहिली होती ते त्याने पाहिलं होतं. त्याने सायकल भिंतीला टेकवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मग इकडेतिकडे बघून, आवाज न लावता, त्याने नुसत्या ओठांनी विचारलं, "मशीन घालायची लाज वाटत न्हाय?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वाटली की," मंगल मोठ्याने म्हणाली. "लई वाटली. मग एक दिवस आईचा आवाज ऐकला. तवा कळलं, ती बोलताना जरा गाती."

मंगलने उजव्या कानातलं मशीन काढलं, ओढणीने नीट पुसलं आणि यल्लाप्पाच्या कानाला बसवलं. कॉम्प्रेसरची धडधड तिच्यापुरती जागीच थांबली. समोर यल्लाप्पा दचकला, खांदे वर ओढून घेतले, मग हळूहळू सैल सोडले. तो आपल्याच हाताचा तळवा कानाजवळ नेऊन दुसऱ्या हातावर घासत राहिला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा रडवेला झाला होता.

एकाएकी त्याने मान फिरवली. फाटकाकडे पाहिलं, त्याचे ओठ "हॉर्न!" म्हणाले आणि तो धावत सुटला. मंगल बघतच राहिली. फाटक बंद होतं, पत्र्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

यल्लाप्पाने दोन्ही हातांनी फाटक ओढलं. बाहेर ट्रक उभा होता.